सर्वांत खालची पायरी

ता. ४ फेब्रुवारी

ती. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमच्या पत्राला उत्तर द्यायला तीन आठवडे लावले, त्याबद्दल कान पकडते. काकूने विचारलंय की मी वेळेवर जेवते का. जेवते, पण हल्ली जिन्यावर बसून. आमच्या नकाशांच्या कचेरीने मला बाजारामागची ती मोठी हवेली मोजायला पाठवलंय. हवेली आता लोकांना पाहायला खुली झाली आहे, आणि डागडुजी करायची तर आधी सगळी मापं कागदावर हवीत. लहानपणी बाबा त्या रस्त्याने जायचं टाळायचे आणि मला लांबच्या वळणाने शाळेत न्यायचे. का, ते त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही.

हवेली सुंदर आहे, पण माझे कान किटले आहेत. तिथे माहिती सांगणारे एक गृहस्थ आहेत, इस्त्रीचा कोट आणि हातात छडी. दिवसातून आठ वेळा ते पाहुण्यांचा घोळका जिन्यापाशी आणतात आणि खुशाल चढा म्हणतात. पहिल्याच पायरीला निम्मे लोक अडखळतात, कारण ती बाकीच्या पायऱ्यांपेक्षा उंच आहे. मग छडीवाले हसून सांगतात की इथला सुतार मापात चुकला, उद्घाटनाच्या दिवशी खुद्द गव्हर्नरसाहेब इथे आपटले, पण मालक इतके दिलदार की त्यांनी सुताराला नुसतं हाकललं आणि गंमत म्हणून पायरी तशीच ठेवली. लोक पोट धरून हसतात. पुस्तिकेतही हेच छापलंय, वर डोळ्यांना पट्टी बांधलेल्या सुताराचं चित्र!

काल त्यांनी त्यात भर घातली की सुतार डावखुरा होता, म्हणून सगळंच उलटं. ते ऐकलं आणि टेप माझ्या हातात तशीच राहिली. आजोबा डावखुरे होते ना? फळांची खोकी बनवण्याआधी ते काय करायचे, हे घरात कुणी बोलत नसे. काका, खरं काय ते सांगा. मला नुसती शंका आली तरी कालपासून अंगाचा तिळपापड होतोय.

लोभ आहेच, उत्तर मात्र लवकर असावं.

तुमची,
ठिणगी


ता. ११ फेब्रुवारी

चि. ठिणगीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं नाव ठिणगी मीच ठेवलं, आता भोगतोय. साठ वर्षं राखेखाली होतं ते तू फुंकर मारून वर आणलंस. हो, तो सुतार म्हणजे तुझे आजोबा.

मी आठ वर्षांचा होतो. आम्हा कारागिरांच्या घरच्यांना फाटकाबाहेर उभं केलं होतं, पण दार उघडं असल्याने सगळं दिसत होतं. गव्हर्नर पडले. त्यांची टोपी घरंगळत दारापर्यंत आली. मालक लाल झाले, आणि साहेबांनी काही विचारायच्या आधीच त्यांनी वडिलांकडे बोट केलं. वडिलांच्या हातातला काटकोन्या हिसकावून अंगणात भिरकावला. तो उचलायला मी धावलो तेव्हा पहारेकऱ्याने मला परत ढकललं. त्यानंतर शहरात वडिलांना कुणी जिना दिला नाही, साधी चौकटही दिली नाही. उरलेलं आयुष्य त्यांनी खोक्यांना खिळे मारले.

पण तुला वाटतं तसं यात अन्यायबिन्याय काही नाही. मीही चाळीस वर्षं सुतारकी केली आहे. पायऱ्यांची उंची सारखी ठेवणं हा पहिल्या महिन्यात शिकायचा धडा. त्यांची चूक झाली, आणि तिचे टोमणे आम्ही खाल्ले. मी जिथे काम शिकायला गेलो तिथे वडिलांचा धंदा विचारल्यावर खोकी एवढंच सांगायचो. अजूनही कुठलंही माप तीनदा घेतल्याशिवाय करवत लावत नाही, आणि तुझी काकू माझी चेष्टा करते.

तेव्हा उगाच उकरून काढू नकोस. आपल्याच हाताने आपली शोभा कशाला करायची? मोज, नकाशा काढ आणि घरी जा.

काकूचा गुडघा बरा आहे, जीभ त्याहून बरी आहे. आमचा लोभ तुला न मागताच आहे.

तुझा,
काका


ता. २० फेब्रुवारी

ती. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही गप्प बस म्हणालात, म्हणजे मी काय करणार हे तुम्हाला कळलंच असेल.

पहिल्या वळणापर्यंत चौदा पायऱ्या आहेत. मी त्या प्रत्येक तीन ठिकाणी मोजल्या, तुमचीच पुतणी. वरच्या तेरा पायऱ्या सहा इंचांच्या, त्यांत केसाचाही फरक नाही. खालची एकटी पावणेआठ. आता सांगा, जो माणूस तेरा वेळा चुकला नाही तो नेमका पहिल्या पायरीला कसा चुकला? म्हणून मी पायरीशी बसून गालिचा उचलला. साठ वर्षांत तो कुणी उचलून पाहिला नसावा. खाली नुसता खडबडीत कोबा आहे. एवढ्या थाटाच्या दालनात जमिनीला फरशीच नाही.

मग माळ्यावरच्या पेटीतले मूळ नकाशे काढले. दालनात काळी घोटीव फरशी बसायची होती, जाडी पावणेदोन इंच. ती बसली असती तर खालची पायरी बरोबर सहा इंचांची झाली असती. त्याच पेटीत हवेलीच्या कारभाऱ्याने दगडवाल्याला लिहिलेल्या दोन पत्रांच्या नकला सापडल्या. पहिल्यात लिहिलंय की गव्हर्नरसाहेब पंधरा दिवस आधीच येताहेत, फरशीला वेळ नाही, कोब्यावर गालिचा टाकून वेळ मारून नेऊ. दुसरं उद्घाटनानंतर चौथ्या दिवशीचं. त्यात मालकांचा हुकूम की दालनात फरशी आता कधीच बसवायची नाही, कारण विचारू नये, आलेला सगळा दगड तबेल्यात बसवावा.

कळलं का, काका? फरशी बसली असती तर पायरी आपोआप बरोबर झाली असती आणि मालकांचं बोट खोटं पडलं असतं. म्हणून त्या माणसाने स्वतःचं दालन जन्मभर बिनफरशीचं ठेवलं! आणि आता त्याला दिलदार म्हणतात! तबेल्यात हल्ली तिकीटघर आहे. मी धावत जाऊन पाहिलं. काळी घोटीव फरशी, पावणेदोन इंच. लोक तिच्यावर उभे राहून तिकीट काढतात आणि मग आत जाऊन आजोबांना हसतात. मी तिथेच रडले. तिकीटवाल्या बाईंनी मला पाणी दिलं.

कागद घेऊन हवेलीच्या व्यवस्थापिकाबाईंकडे गेले. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या की यावरून मालक घाईत होते एवढंच ठरतं, सुताराने फरशीची जागा जाणूनबुजून सोडली होती की तो सहज चुकला, हे कशावरून? काका, आजोबांचा एखादा कागद, एखादी मापाची खूण, काहीतरी घरात असेलच. शोधा.

राग आवरत नाही म्हणून अक्षर वाकडं आलंय. लोभ ठेवाच, रागातही वाटेकरी व्हा.

तुमची,
ठिणगी


ता. २७ फेब्रुवारी

चि. ठिणगीस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र मी चार वेळा फाडलं.

जिना करताना सुतार आधी एक लांब काठी घेतो आणि सगळ्या पायऱ्यांच्या उंचीच्या खाचा त्या एकाच काठीवर पाडतो. पट्टीने दर वेळी मोजलं तर चूक साचत जाते, काठीवर साचत नाही. वडिलांची तशी काठी आपल्या घरात आहे. काकू गेली तीस वर्षं त्याच काठीने उंच दोरीवर कपडे वाळत घालते. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं दुसऱ्यांना किती वेळा ऐकवलं असेल मी!

तुझं पत्र वाचून ओल्या चादरीसकट ती खाली घेतली. काकू ओरडली. काठीवर चौदा खाचा आहेत, सहा-सहा इंचांवर. पण पहिलं माप काठीच्या टोकापासून सुरू होत नाही. टोकाच्या वर पावणेदोन इंचांवर एक रेघ आहे आणि माप त्या रेघेपासून धरलंय. रेघेखालचा तुकडा पटाशीने आडव्यातिडव्या रेघा मारून भरलेला आहे. अजून व्हायच्या कामाची जागा आम्ही अशीच भरतो. ही खूण मी माझ्या हाताने हजार वेळा केली आहे. वडिलांच्या काठीवर ती तीस वर्षं डोळ्यांसमोर होती आणि मी कधी पाहिली नाही, कारण ते चुकले याबद्दल मला शंकाच नव्हती.

आता खरं सांगतो, हे तुझ्या काकूलाही माहीत नव्हतं. मी वीस वर्षांचा असताना वडील एकदाच त्या जिन्याबद्दल बोलले. खोक्याला खिळा मारता मारता म्हणाले की त्या जिन्याखाली फरशी यायची होती, मी मालकांना सांगितलं होतं की फरशीआधी कुणाला चढू देऊ नका. मी नुकताच कारागीर झालो होतो, अंगात मस्ती होती. मी त्यांना म्हणालो, नाचता येईना अंगण वाकडं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पुढचा खिळा घेतला. त्यानंतर अठरा वर्षं जगले, पण जिन्याचा शब्द काढला नाही.

मालकाला शिव्या घालायला बसलो की त्या माझ्यावरच येतात. त्याने परक्याला खोटं ठरवलं, मी बापाला. तूच सांग, जास्त हरामखोर कोण?

काठीचं माप सोबत लिहून पाठवतो आहे. दाखव त्यांना. मला तिथे बोलावू नकोस. त्या फाटकातून जायची माझी लायकी नाही.

आज लोभ मागायचीही लाज वाटते, तरी असू दे.

काका


ता. ६ मार्च

ती. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

लायकीचं मागाहून बघू. आधी हे वाचा.

तुमचं माप हवेलीच्या समितीपुढे ठेवलं. अध्यक्ष मालकांचे नातू आहेत. ते गोड हसले आणि म्हणाले की सुताराच्या मुलाने घरबसल्या लिहिलेल्या आकड्यांना काय अर्थ. चोराच्या उलट्या बोंबा! वर त्यांनी ठरवलंय की पाहुणे पडतात, तेव्हा खालची पायरी कापून सहा इंचांची करायची. मग दुसरी पायरी पावणेआठ होईल, पण ऐकतो कोण! काम शुक्रवारी. म्हणजे आजोबांचा जिना कापणार, खरं-खोटं ठरवायची एकच खूण होती ती पुसणार, आणि गोष्ट मात्र सांगत राहणार, कारण लोकांना ती आवडते. आणि कापायचा नकाशा काढायचं काम कुणाला दिलं असेल? मला! मी सही करणार नाही असं कचेरीतल्या साहेबांना तोंडावर सांगितलं. त्यांनी माझ्याऐवजी दुसऱ्याला बसवलं.

व्यवस्थापिकाबाई वाईट नाहीत. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की प्रत्यक्ष काठी समोर आली तर काम थांबवण्याचा अधिकार त्यांना आहे, नुसत्या कागदावर नाही.

तुम्ही आजोबांना एकदा बोललात, त्याचं वाईट मलाही वाटतं, खोटं कशाला बोलू? पण ते त्यांच्यापाशी फेडायची वेळ शुक्रवारी सकाळी दहापर्यंतच आहे. घरात बसून स्वतःला शिव्या घातल्याने पायरी वाचणार नाही. काठी घेऊन या. बसच्या टपावर टाकू नका, हातात धरा.

मी फाटकापाशी उभी असेन. लोभ असेल तर तो घेऊन याच.

ठिणगी


ता. १५ मार्च

ती. सौ. काकूस,
सा. न. वि. वि.

काका घरी आल्यापासून नुसते हसतात आणि काही सांगत नाहीत, असं तू लिहिलंस. मग मीच सांगते.

साडेनवाला ते आले. सात फुटांहून लांब काठी जुन्या चादरीत गुंडाळलेली, वाहकाशी भांडून आसनाशेजारी तिरकी धरून आणलेली. फाटकापाशी पाय थांबले त्यांचे. ते आठ वर्षांच्या मुलासारखे आत बघत राहिले आणि मग माझ्याआधी आत गेले.

जिन्यापाशी करवतवाले बसलेच होते, पाहुण्यांचा पहिला घोळकाही होता. काकांनी अध्यक्षांकडे पाहिलं नाही. तिकीटघराच्या कोपऱ्यातली एक फरशी गवंड्याने सकाळीच सोडवून ठेवली होती, व्यवस्थापिकाबाईंच्या परवानगीने. काकांनी गालिचा गुंडाळला, कोबा हाताने झाडला आणि फरशी पहिल्या पायरीला भिडवून ठेवली. तिच्याशेजारी कोब्यावर काठी उभी केली. फरशी बरोबर त्या रेघेपर्यंत आली. मग काका खालपासून एकेका खाचेवर बोट ठेवत गेले आणि प्रत्येक खाच सरळ आडव्या रेषेत त्या त्या पायरीच्या काठाशी जुळत गेली, चौदाच्या चौदा. वरच्या खाचांसाठी त्यांना चवड्यांवर उभं राहावं लागलं. करवतवाल्यांतला म्हातारा उठला, काठीवरच्या आडव्यातिडव्या रेघा त्याने अंगठ्याने चाचपल्या, आणि आपल्या माणसांना हत्यारं पिशवीत भरायला सांगितली.

अध्यक्ष काही तरी पुटपुटले. तेव्हा व्यवस्थापिकाबाईंनी छडीवाल्यांना जरा चढून दाखवा म्हणून सांगितलं. ते ऐटीत निघाले, नेहमीच्या सवयीने पहिल्या पायरीला पाय उंच उचलला, आणि पायरी खालीच राहिल्याने असे धडपडले की छडी दारापर्यंत घरंगळली! लोक हसणारच होते. काकांनी हात वर केला, स्वतः जाऊन छडी उचलली आणि त्यांना दिली. साठ वर्षांची सवय आहे, जाईल हळूहळू, एवढंच म्हणाले. त्यांच्या जागी मी असते तर हसू दिलं असतं.

काम थांबलं आहे. सगळा दगड तबेल्यातून दालनात यायचा आहे, नकाशा मीच काढते आहे. पुस्तिका परत मागवल्या. नव्या पुस्तिकेत काय लिहायचं यावर समिती अजून भांडते आहे, आणि मीही त्यांच्याशी रोज भांडते आहे. आजोबांचं नाव छापल्याशिवाय मी सोडणार नाही.

एक गोष्ट त्यांनी तुला सांगितली नसणार. पाहुणे पुढच्या खोलीत गेल्यावर काका खालच्या पायरीवर बसले. मला वाटलं दमले. जवळ गेले तर ते पायरीवर हात फिरवत होते आणि हळूच बोलत होते. मी तिथे आहे हे त्यांच्या ध्यानात नव्हतं. अंगणच वाकडं होतं हो, बाबा, असं म्हणत होते. दोनतीनदा म्हणाले.

काठी हवेलीतच राहिली, जिन्याशेजारी. तुझ्या कपड्यांसाठी दुसरी करायला काकांना सांग, आणि माप तीनदा घेतलं तर चिडवू नकोस.

तुझी,
ठिणगी