छपरावरची पंगत

पेशमोरेल,
ऑक्टोबरचा दुसरा रविवार

प्रिय ओर्तांसताई,

तुझ्या दोन्ही गालांना गाल लावतो आणि लगेच दोन पावलं मागे सरकतो, कारण आठ महिने पत्र नाही म्हणून तू जे काही म्हणते आहेस ते मला इथे सातशे किलोमीटरवर स्पष्ट ऐकू येतंय. खोकला कसा आहे? डॉक्टरांचं औषध घेतेस, की अजून खिडकीतल्या जिरेनियमला पाजतेस? आमचं विचारशील तर आम्ही दोघंही खुशाल. मारिव्होनचं वजन चार किलोंनी वाढलंय (हे मी कळवलं असं तिला सांगू नकोस) आणि माझं सहा किलोंनी (हे तिनेच लिहायला लावलं).

तर मुख्य बातमी. घर पूर्ण झालं. पुन्हा लिहितो, म्हणजे माझाही विश्वास बसेल: पूर्ण झालं. तू तीन वर्षांपूर्वी बघायला आलीस तेव्हा वरच्या खोलीची फळी मोडून तुझा डावा पाय खालच्या स्वयंपाकघरात लोंबकळत होता, आणि त्याच अवस्थेत तू अगदी शांतपणे म्हणाली होतीस, "ग्रासियें, हे घर नाही, ही दगडांची रास आहे. विकून टाक." मी ऐकलं नाही. तीस वर्षं रुआँच्या पोरांना भूगोल शिकवला, जगातली प्रत्येक नदी कुठे जाते ते मला ठाऊक. पण न्हाणीघरातलं पाणी कुठे जातं हे शोधायला मला दीड वर्ष लागलं. (शेजारणीच्या कोबीच्या वाफ्यात जात होतं. कोबी उत्तम आले होते, म्हणून ती इतके दिवस काही बोलली नाही.)

पण खरी अडचण घराची नव्हतीच, माणसांची होती. या गावात चांगला गवंडी एकच, फिर्में. आणि चांगला सुतार म्हणा, छप्परवाला म्हणा, तोही एकच, काझिमीर. आणि हे दोघं अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. कारण असं, की अकरा वर्षांपूर्वी गावच्या जत्रेच्या जेवणात फिर्मेंने आपल्या मळ्यातली वाइन सगळ्यांना वाढली, काझिमीरने एक घोट घेतला, जरा विचार केला आणि पाद्रीबाबांच्या देखत म्हणाला, "सॅलडवर घालायला छान आहे." बस्. फिर्मेंच्या आजोबांनी लावलेले वेल ते! तो ताटावरून उठला आणि तेव्हापासून त्याच्या लेखी काझिमीर नावाचा माणूस जगात नव्हता. आता तूच सांग, एक माणूस भिंत बांधणार आणि दुसरा त्याच भिंतीवर तुळई टेकवणार, आणि दोघांत शब्द नाही! तीन वर्षं मधे मी. खालून फिर्में म्हणायचा, "मास्तर, त्या इसमाला सांगा, माझ्या भिंतीवर तुळई ठेवायची असेल तर हलक्या हाताने ठेव म्हणावं." जेमतेम दोन हातांवरच्या शिडीवरून काझिमीर म्हणायचा, "मास्तर, त्या इसमाला सांगा, भिंत सरळ असती तर हलक्या हाताने ठेवली असती." मी इमानाने वळून फिर्मेंला सांगायला लागलो की तो खेकसायचा, "ऐकलं मी! बहिरा नाही!" रात्री माझी मान दुखायची. मारिव्होन तेल लावून द्यायची आणि म्हणायची, तुला शाळेत कुणी जुमानत नव्हतं, इथे निदान निरोप तरी देऊ देतात.

इथला रिवाज असा, की घर पुरं झालं की चुलीच्या कमानीत पातेलं टांगायची लोखंडी आकडी लावायची आणि ज्यांचे ज्यांचे हात घराला लागले त्या सगळ्यांना त्या चुलीवरचं जेवायला घालायचं. मी म्हटलं, दोघांना दोन वेगळ्या रविवारी बोलावू. मारिव्होन म्हणाली, "घर एक, जेवण एक." मग कणीक मळता मळता, माझ्याकडे न बघता, ती आणखी एक गोष्ट म्हणाली. तीन वर्षांत या गावाने आपल्याला रामराम केला, भाजी दिली, पत्ता सांगितला. पण एकाही घरात कुणी खुर्ची पुढे केली नाही. आपण अजून 'ते रुआँवाले'च आहोत. "परवा लोक आले आणि पोटभर जेवले, तर मी इथली. अर्ध्या ताटावरून उठून गेले, तर ग्रासियें, मी उन्हाळ्याच्या आत रुआँला परत जाते. दगडांशी गप्पा मारून मला म्हातारी व्हायचं नाही." ताई, ती हे चिडून म्हणाली असती तर मी घाबरलो नसतो.

गेल्या रविवारी दुपारी बारा वाजता चौदा माणसं आली. मी लांबलचक टेबलाच्या या टोकाला फिर्मेंला बसवलं, त्या टोकाला काझिमीरला, मधे पाद्रीबाबा, पोस्टमन, शेळ्यावाली फिलोमेन आणि सुपाची दोन मोठी भांडी, अशी तटबंदी केली. मारिव्होनने तीन दिवस खपून काय काय केलं होतं! चरबीत मुरवलेलं बदक, त्याच चरबीत लसूण घालून परतलेले बटाटे, अक्रोडाच्या तेलातलं सॅलड, फिलोमेनच्या शेळ्यांचं चीज, आणि मलमलीसारख्या पातळ पापुद्र्यांचा सफरचंदाचा केक. फिलोमेनने (वय ऐंशी, दात चार, आवाज तोफेसारखा) आकडी लावली, मारिव्होनने पातेलं टांगलं, टाळ्या झाल्या. चूल पेटवायचा मान मी हट्टाने स्वतःकडे घेतला होता. गेलं वर्षभर आम्ही लोखंडी शेगडीवरच भागवत होतो, त्यामुळे या नव्या धुराड्याचं हे पहिलंच पेटणं.

सुरुवातीला जरा धूर आला तेव्हा मी म्हटलं, दगड गार आहेत. मग पातेलं दिसेनासं झालं तेव्हाही मी म्हटलं, दगड गार आहेत. मग मीच दिसेनासा झालो. खोकत, डोळे पुसत सगळी पंगत अंगणात पळाली, आणि प्रत्येकाने जे हाताला लागेल ते वाचवलं. पाद्रीबाबांनी बदकाचं भांडं उचललं, पोस्टमनने चीज, फिलोमेनने बाटल्यांची टोपली, आणि मी, का कोण जाणे, मिठाची बरणी. मारिव्होनने बादलीभर पाणी चुलीवर ओतलं आणि दारात येऊन उभी राहिली. चेहरा काजळीने काळा, फक्त डोळ्यांखाली दोन रेघा पांढऱ्या. त्या रेघा धुराने आल्या असं मी स्वतःला समजावलं.

आणि तेवढ्यात अंगणाच्या एका कोपऱ्यातून फिर्में गरजला, "धुराड्यावर टोपी उलटी बसवलीय कुणी गाढवाने!"

"टोपी बरोबर आहे! धुराडंच आतून आतड्यासारखं वाकडं बांधलंय, गाढवा!"

सगळ्यांच्या माना दोघांकडे वळल्या. फिर्मेंच्याही एका क्षणाने लक्षात आलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा मधे मास्तर नव्हता! पण आता तोंड उघडलंच होतं, मग काय, अकरा वर्षांचं साठलेलं बाहेर पडलं. वाकडं की उलटी, उलटी की वाकडं, आणि शेवटी दोघांनीही एकदमच शिडीला हात घातला, वर जाऊन सोक्षमोक्ष लावायला. फिर्में अडुसष्ट वर्षांचा, काझिमीर सत्तरीचा. पाद्रीबाबांनी छातीवर क्रॉस केला आणि (हे मी बघितलं) त्याच हाताने बदकाची तंगडी उचलली.

वरून बराच वेळ आरडाओरडा ऐकू येत होता. मग एकदम शांत झालं. फिलोमेन म्हणाली, "एकाने दुसऱ्याला धुराड्यात घातलं." मी शिडी चढलो. घराचा मालक म्हणून नव्हे हं, मारिव्होन माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती तिच्यापासून लांब जावं म्हणून. वर बघतो तर दोघं धुराड्याच्या दोन बाजूंनी आत वाकलेले. टोपी सुलट होती. धुराडं सरळ होतं. आणि आत, हातभर खाली, काहीतरी पांढरं गच्च कोंबलेलं होतं.

ताई, आता तुला खरं सांगायला हवं. तू गृहप्रवेशाची भेट म्हणून पाठवलेली ती हंसाच्या पिसांची रजई, जिच्याबद्दल तू तीन पत्रांत विचारलंस आणि मी तिन्ही वेळा "उबदार आहे" एवढंच लिहिलं, ती मी गेल्या नोव्हेंबरात मारिव्होन बाजारात गेली असताना वर चढून त्या धुराड्यात कोंबली होती. उत्तरेचा असा बोचरा वारा खाली यायचा की विचारू नकोस. कोंबली आणि विसरलो. (पण उबदार होती, हे खोटं नव्हतं.)

दोघांनी सावकाश माना वळवून माझ्याकडे बघितलं. अकरा वर्षांत त्यांचं एका गोष्टीवर एकमत झालं, आणि ती गोष्ट मी होतो. फिर्मेंने रजईत आकडा अडकवला, काझिमीरने फिर्मेंची कंबर धरली, आणि "ओढ!" म्हणताच दोघांनी ओढलं. रजई टरकन फाटली. खाली कोंडलेला गरम धूर हुस्स करून वर आला आणि सगळी पिसं आपल्याबरोबर आकाशात घेऊन गेला. मग ती हळूहळू खाली यायला लागली. अंगणावर, टोप्यांवर, पाद्रीबाबांच्या भुवयांवर. शिजलेल्या बदकाच्या अंगावर पुन्हा पिसं उगवली. सगळे वर बघत उभे. आणि त्या शांततेत मला खालून एक आवाज आला. मी म्हटलं, संपलं, रडायला लागली. वाकून बघितलं तर मारिव्होन पायरीवर बसून पोट धरून हसत होती, आणि फिलोमेन तिच्या पाठीवर थोपटत होती, स्वतः हसून हसून गुदमरत.

मग फिलोमेनने काय करावं? टोपलीतून फिर्मेंने आणलेली बाटली काढली, एकच पेला घेतला आणि दोरी बांधून वर पाठवलं. "घसा कोरडा झाला असेल लेकरांचा," म्हणाली. वर पाणी नव्हतं, दुसरी बाटली नव्हती. फिर्मेंने पेला भरला. काळीभोर वाइन. तो पेला त्याने कौलांवर मधोमध ठेवला आणि दरीकडे बघत बसला. काझिमीरने पेला उचलला, वास घेतला, घोट घेतला. खाली उरलेल्या बाराच्या बारा पाहुण्यांनी चावणं थांबवलं होतं.

"बरी आहे," काझिमीर म्हणाला. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाला, "बरीच बरी आहे. पण त्या वर्षीची व्हिनेगर होती, फिर्में."

फिर्मेंने दरीवरची नजर काढून त्याच्याकडे बघितलं. मग त्याने आपली टोपी काढली, तिच्यातली पिसं झटकली आणि म्हणाला, "होती."

आणि पेला काझिमीरच्या हातातून घेऊन उरलेली वाइन त्याने पिऊन टाकली.

खाली यायला दोघंही तयार होईनात. वरून दृश्य चांगलं आहे म्हणाले. मग काय, जेवणच वर गेलं. सूप, बदक, बटाटे, शिडीवर मी हमालासारखा वर-खाली, अंगावर पिसं चिकटलेली. सूप संपत आलं की उरलेल्या रश्श्यात वाइन ओतून वाडगं तोंडाला लावायचं, ही इथली पद्धत. तीन वर्षं मी ती लांबून बघत होतो. जेवण वर नेण्याच्या चवथ्या खेपेला मी शिडीच्या सगळ्यात वरच्या पायरीवर बशा घेऊन उभा असताना फिर्में म्हणाला, "किती वेळ उभा राहशील, ग्रासियें? बैस की." ताई, तुझ्या लक्षात आलं ना? तीन वर्षं मी 'मास्तर, तुम्ही' होतो. मी बसलो. काझिमीरने माझ्या वाडग्यात वाइन ओतली, मी वाडगं तोंडाला लावलं आणि निम्मं शर्टावर सांडलं, आणि दोघांनी ते चांगल्या घराण्याचं लक्षण मानलं. खाली अंगणात मारिव्होन सगळ्यांच्या मधे बसून केक वाटत होती आणि फिलोमेन तिला दर गुरुवारी पत्ते खेळायला यायचा हुकूम करत होती. संध्याकाळी सहाला आम्ही तिघं खाली उतरलो. उतरलो म्हणजे, पोस्टमन आणि पाद्रीबाबांनी आम्हाला उतरवलं.

तर असं झालं. बाकी सगळं क्षेम. औषध घे, आणि जिरेनियमलाही थोडं जगू दे.

तुझा धाकटा, शर्टावरचा डाग न जाणारा भाऊ,
ग्रासियें

ता. क. तुझ्या नासपतीच्या मुरंब्यात दालचिनी आधी घालतात की नंतर? मारिव्होन विचारते आहे.

ता. क. २. मुरंब्याचं कारण नव्हतं, मीच विषय काढायला घाबरत होतो. खालच्या मजल्यावर, बागेकडे तोंड करून एक खोली आहे. सकाळी ऊन येतं. तुला ते चार जिने आता झेपत नाहीत हे तू लिहीत नाहीस, पण तुझ्या शेजारीणबाईंनी मारिव्होनला लिहिलंय. तू इकडे ये. राहायला ये. आई गेली तेव्हा मी सात वर्षांचा होतो आणि तू सतरा, आणि तू माझ्या ताटात वाढून झाल्याशिवाय कधी बसली नाहीस. आता तू बैस, मी वाढतो. (मी आधी विरोध केला होता, तू आल्यावर माझे सगळे दुर्गुण गावाला कळतील म्हणून. माझा विरोध पाव तास टिकला.)

ता. क. ३. तू म्हणशील, माझा पियानो त्या खोलीत कसा जाणार, दार अरुंद आहे. मारिव्होनने हे सहज फिर्मेंच्या कानावर घातलं. पत्र टाकायचं राहून गेलं, आणि बुधवारी सकाळी जाग आली ती घणाच्या आवाजाने. त्याने भिंत पाडलीय आणि काझिमीर मलबा वाहतोय. तेव्हा वर 'घर पूर्ण झालं' असं दोनदा लिहिलंय ते कृपा करून खोड.

ता. क. ४. हे पत्र पोस्टमनच्या हातात देतोय, तोच कळतंय की ते दोघं काझिमीरचा मेंढ्यांचा ट्रक घेऊन पहाटेच निघाले, रुआँला, तुझ्याकडे, पियानो आणायला. रस्ता डावीकडून की उजवीकडून यावरून गावाच्या वेशीपर्यंत भांडण ऐकू येत होतं. पत्र आधी पोचेल की ते, सांगता येत नाही. पियानोवरच्या कुंड्या तेवढ्या उतरवून ठेव.