मुकादमाचा घसा

चिंचवड, पौष महिना, सन १९५७

गेनबा पाव्हणे यांसी, ज्योतीरामाचा, तुम्ही रागात आहात हे ठाऊक असूनही, कमरेत वाकून नमस्कार.

तुमची प्रकृती, वहिनींचे गुडघे, काळ्या बैलाचा खूर आणि वाफ्यातलं कांद्याचं रोप ही सगळी मंडळी खुशाल असावीत. (वहिनींचे गुडघे मी बैलाच्या आधी लिहिले आहेत, हे त्यांना वाचून दाखवावं.) आमच्याकडे रंभा शाळेत जाते, घराचे पत्रे गळायचे थांबले आहेत आणि बाकीचं खाली सविस्तर लिहितो.

चाकणच्या बाजारात माझ्या टोळीतल्या सयाजीला गाठून तुम्ही निरोप धाडलात, “आमची भन कारखान्यात जाती आन् दाजी घरात मौन धरून बसल्यात म्हनं, खरं हाय का?” सयाजीने तो निरोप तुमच्याच आवाजात, तुमच्यासारखी मिशी पुसत, सगळ्या टोळीसमोर दिला. पाव्हणे, दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण कशा खऱ्या झाल्या ते ऐकल्यावर तुम्हीसुद्धा माझ्यासारखे तोंडात बोट घालाल, म्हणून हे पत्र. लांबलं तर बैलांना वैरण टाकून मग वाचायला बसावं.

देहूरोडच्या लष्करी डेपोत हमालांच्या टोळीचा मी मुकादम. मुकादमाचं भांडवल म्हणजे घसा. हमालाला पाठ लागते, बाबूला टाक लागतो, मुकादमाला नुसतं ओरडता आलं म्हणजे झालं. माझा घसा कसा होता ते तुम्हाला सांगायला नको. तुमच्या धाकट्याच्या बारशाला मी बोलायला बसलो तेव्हा तुम्ही म्हैस बघायच्या निमित्ताने दोनदा गोठ्यात जाऊन आलात. (म्हैस त्या दिवशी रानात होती, हे मला तेव्हाच माहीत होतं.) तर हा घसा गेल्या श्रावणात बसला तो उठेना. ज्येष्ठमध झाला, हळद-दूध झालं, शेजारच्या गोजाबाईंनी दिलेला कसलासा पाला चघळून दोन दिवस जीभ हिरवी झाली. शेवटी पुण्याच्या डॉक्टरांनी चमच्याएवढा आरसा घशात घालून बघितलं आणि मला परळच्या इस्पितळात धाडलं. तिथे घशातला एक कण काढून तपासला आणि सांगितलं, कॅन्सर.

डेपोत कागदावर ‘कॅन्सल’ हा शिक्का रोज पडतो. मी सयाजीला पाटीवर लिहून दाखवलं, तर तो म्हणाला, “मुकादम, कॅन्सल म्हंजी आर्डर रद्द. तुमची कोन रद्द करतंय? आमी हाय की!” त्याला चूक समजावून द्यायला मला बोलायची बंदी होती. (डॉक्टरांनी बजावलं होतं, बोलणं नाही, कुजबुज तर अजिबात नाही.) आणि खरं सांगायचं तर त्याचा अर्थ मला डॉक्टरांच्या अर्थापेक्षा बरा वाटला. पण त्या दिवशी घरी आलो, रंभा पाढे म्हणत होती ते ऐकत उंबऱ्यावर बसलो आणि आत जायला पाय उचलेना.

मग पुण्याला मोठ्या एक्स-रेचा उपचार सुरू झाला. दिवसाआड सकाळची पाळी डेपोत, दुपारच्या गाडीने पुणे, संध्याकाळी परत. ते यंत्र तुम्ही बघायला हवं होतं. मी डेपोत रणगाड्याचे पट्टे उतरवून घेतलेला माणूस, लोखंडाला भिणारा नव्हे. पण त्या खोलीला शिशाचं दार आहे. तुम्हाला फळीवर निजवतात, यंत्राचं तोंड गळ्याशी आणतात आणि डॉक्टर, नर्स, झाडूवाला सगळे बाहेर निघून दार लावतात. आत तुम्ही आणि ते. ऊन नाही, धूर नाही, स्पर्श नाही. नुसता गुणगुणाट, जसा आंब्याला मोहोर आल्यावर झाडाखाली ऐकू येतो. दिसत नाही असं कोणीतरी आपल्या आत शिरून काम करून जातं. मी देवळात हात जोडतो ते सवयीने. त्या फळीवर माझे हात आपोआप जोडले गेले. (नर्सबाईंनी बाहेरच्या काचेतून खूण केली की हात खाली ठेवा, मध्ये येतात.)

गळ्यावर किरणांची जागा दाखवणारा जांभळ्या शाईचा चौकोन काढला होता, तो पुसायचा नाही. डेपोत तो दिसू नये म्हणून ऑक्टोबरच्या उकाड्यात मी लोकरी मफलर गुंडाळून फिरायचो. माझी नोकरी हंगामी. मुकादमाचा घसा गेला हे वर कळलं तर दुसऱ्या दिवशी दुसरा मुकादम उभा राहील. तेव्हा टोळीने काय केलं असेल? माझ्या भुवयांवर काम करायला शिकली. डावी भुवई म्हणजे पेटी उचला, उजवी म्हणजे थांबा, दोन्ही म्हणजे साहेब आला. किरण घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी मला उभं राहवत नसे. तेव्हा हे लोक मला पेट्यांच्या आड पोत्यावर बसवून माझी टोपी वरच्या पेटीवर ठेवायचे, म्हणजे लांबून मुकादम उभा दिसावा. ज्यांना मी बारा वर्षं शिव्या दिल्या ते हे लोक! आणि काम पहिल्यापेक्षा चटकन होऊ लागलं. आमचे कॅप्टनसाहेब एकदा मुद्दाम थांबून म्हणाले, “मुकादम, आजकल बहुत अच्छा काम है। शोर नहीं।” बारा वर्षांच्या माझ्या कर्तबगारीला त्यांच्या भाषेत काय म्हणतात ते मला त्या दिवशी कळलं.

पण भुवयांवर संसार किती दिवस चालणार? कामगार कमी करणार अशी कुणकुण होती. म्हणून बिनआवाजाचं काम शोधायला लागलो. पिंपरीला पेनिसिलीनचा नवा कारखाना निघालाय, तिथे मदतनिसांच्या जागा होत्या. मुलाखतीचं बोलावणं आलं. आता मुक्याने मुलाखत कशी द्यावी? तुमच्या बहिणीला बरोबर घेतलं. तिला पाटीवर लिहून पक्कं पढवलं : घसा सर्दीने बसलाय एवढंच म्हणायचं, जास्त बोलायचं नाही. पाव्हणे, तुम्ही तिचं नाव पुतळा ठेवलंत आणि आमच्या घरात ती तशीच राहिली. निदान मी तसंच समजत होतो. मी बोलायचो, ती भाकऱ्या थापायची. तिच्याकडे बोलण्यासारखं काही असेल ही शंका मला कधी आली नाही.

कामगार अधिकारी तरुण होते, चष्मेवाले. त्यांनी विचारलं, “आवाजाला काय झालं?” मी हिच्याकडे बघितलं. ही पदर सावरून म्हणाली, “सायेब, ह्यास्नी घशाचा क्यान्सर हाय.” मी टेबलाखालून पाय मारला. ती म्हणाली, “पाय कशाला मारताय? सायबांनी सरळ इचारलं, सरळ सांगाया नगं?” आणि मग, पाव्हणे, ती बोलली. उपचार कधी सुरू झाला, किती राहिलाय, डॉक्टर काय म्हणाले, टोळी काय करते, भुवया, मफलर, पेटीवरची टोपी, सगळं! एक शब्द इकडचा तिकडे नाही, रडणं नाही, विनवणी नाही. शेवटी म्हणाली, “मानूस कामाचा हाय. आज आजारी हाय. तुमी औषद करनारी मानसं, तुमास्नी आजाऱ्याची काय किळस?” मला माहीत नव्हतं की माझ्या घरात असा आवाज आहे. मी खुर्चीत बसून बायकोकडे बघत होतो, जणू तिला बघायला आलोय.

साहेबांनी चष्मा पुसला. म्हणाले, बरे झाल्याचा डॉक्टरांचा दाखला आल्याशिवाय यांना घेता येणार नाही, नियम आहे. मी उठलो. तर ते हिला म्हणाले, “बाई, तुम्ही काम कराल का? बाटल्या भरण्याच्या खात्यात बायका हव्या आहेत.” आता नवरा म्हणून अशा वेळी ‘नाही’ म्हणायचा हक्क माझा. मी तोंड उघडलं. डॉक्टरांची बंदी आठवली. मिटलं. (मनात आलं असतं तर मान हलवता आली असती. ती का हलवली नाही, याचा मी अजून विचार करतोय.) हिने माझ्याकडे बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि साहेबांना म्हणाली, “सकाळची पाळी द्या. दुपारच्याला ह्यास्नी पुन्याच्या गाडीत बसवायचं असतंय.”

दिवाळीनंतर ती रुजू झाली. पांढरा झगा, पांढरी टोपी, तोंडाला फडकं, आणि आत बोलायला मनाई. (नवऱ्याला बंदी घशामुळे, बायकोला बंदी कारखान्यामुळे, आमची रंभा शेजारी सांगत सुटली की आमच्याकडे कोणीच बोलत नाही.) पण संध्याकाळी आम्ही दोघं घरात असलो की फडकं सुटतं. ती सांगते, मी ऐकतो. म्हणे देवळाच्या कळसाएवढ्या उंच पोलादी टाक्या आहेत आणि त्यात काय वाढवतात, तर बुरशी! “भाकरीवर येती तसली, जी आपुन उकिरड्यावर टाकतो. तिला तिथं लेकरासारखं सांभाळत्यात. ऊब कमी पडली तर धावत्यात, जास्ती झाली तरी धावत्यात. आन् त्या बुरशीच्या पान्यातनं मानसाचा जीव वाचतोय.” सांगताना तिच्या डोळ्यांत असं काही असतं की मी चुलीवरचा चहा उतू जाऊ देतो. (होय, चहा मी करतो. हे वहिनींना वाचून दाखवू नये.) इतकी वर्षं मी ह्या बाईच्या शेजारी बसून नुसता बोलत होतो. घसा बसल्यावर बायको दिसली, असं आमच्या टोळीला सांगितलं तर माझी टोपी पेटीवरून खाली पाडतील.

तर पाव्हणे, तुमच्या बहिणीला मी कामाला लावलेलं नाही. तिने मला शिकायला लावलं आहे. उपचार संपला, गळ्याचा चौकोन पुसला, गेल्या आठवड्यात परळच्या डॉक्टरांनी तपासून ठीक म्हटलं. काळजीचं काही नाही, कोणी धावत यायची गरज नाही. थोरांना दंडवत, पोरांना गालगुच्चा, बैलाला पाठीवर थाप.

तुमच्या बहिणीचा नवरा,
ज्योतीराम

ता. क. : वर परळच्या डॉक्टरांनी ठीक म्हटलं असं लिहिलंय, ते हिने वाचलं तर असावं म्हणून. हे वेगळ्या कागदावर लिहून पाकिटात घालून चिकटवतोय. ते ‘ठीक’ त्यांनी आरसा काढून हात धुताना म्हटलं, आणि मग खुर्ची जवळ ओढली. गाठ पुरती गेलेली नाही. आता गळ्यातलं आवाजाचं यंत्रच कापून काढायचं. मग माणूस जगतो म्हणतात, पुष्कळ वर्षं जगतो. फक्त आवाज कायमचा जातो. माघात बोलावलंय. हिला सांगितलं नाही. सांगितलं तर ती कारखाना सोडून येईल आणि मला ते नको आहे. म्हणून मुद्द्याचं : तुम्ही परळला माझ्याजवळ येऊन बसाल का? नुसतं बसायचं. ह्या खेपेला गोठ्यात जायची वेळ तुमच्यावर येणार नाही.

आणखी ता. क. : ऑपरेशनच्या आदल्या दिवशी थोडं बोललं तरी चालेल असं डॉक्टर म्हणाले. जन्मभर पोत्याने शब्द सांडले, आता मूठभर उरलेत तर हिला काय म्हणावं ते सुचत नाही. तुम्ही कमी बोलता, तुम्हाला सुचत असेल तर कळवा. भीती वाटते, पाव्हणे.

दादास पुतळाचा नमस्कार. ह्ये टपालात टाकाया माझ्याकडं दिलंय आन् म्या पाकीट सोडवून सगळं वाचलंय. चौथी शिकवलीस त्ये कामी आलं. मला सगळं ठावं हाय, परळला म्या भायेर बसले हुते, ह्ये आल्यावर डाक्टरांस्नी परतून जाऊन इचारलं हुतं. सायबाकडनं रजा घेतलीया, नोकरी जात न्हाई. परळला मी जानार. तू हितं ये, रंभाला सांभाळ आन् चा कसा करायचा त्ये शिकून घे. ह्यास्नी काय बोलाया सांगू नगंस. त्येंचं त्येंला सुचंल, न्हाई सुचलं तरी बसू दोगं. आवाज गेला तर जाऊ दे दादा. मला मानूस पायजे.