बाळाचं नाव काळ्या यादीत

अमरावती,
शनिवार, संध्याकाळ

चि. दीक्षा हिस,

तुझ्या बाबांचा सप्रेम जयभीम, आणि आई व मी मिळून दोघांचे आशीर्वाद. तुझी तब्येत बरी असेल, डबा वेळेवर खात असशील, आणि अकोल्याचे नळ तू ऑफिसला गेल्यावर येत नसतील, अशी आशा करतो. इकडे आम्ही मजेत. माझे गुडघे होते तिथेच आहेत. तुझ्या आईची साखर आटोक्यात आहे (जीभ नाही). बाळ आता दीड महिन्याचं झालं, अंगानं चांगलं भरलं. फक्त त्याला अजून नाव नाही. तुझी आई त्याला ढोल्या म्हणते, सूनबाई रागिणी सोन्या म्हणते, अश्विन नुसतं ‘अरे’ म्हणतो. मी उभी हयात एसटीच्या स्टँडवर माइकसमोर काढलेली, म्हणून मी त्याला ‘प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे’ अशी हाक मारतो, आणि तेवढ्यालाच तो मान वळवतो. हे असं किती दिवस चालायचं? नाव ठेवायचा मान आत्याचा, आणि आत्या अबोला धरून अकोल्यात बसलेली.

अबोल्याचं कारण मला माहीत आहे, ते उगाळत नाही. बाळ झालं त्या दिवशी तुझ्या भावानं आधी कुटुंबाच्या ग्रुपवर फोटो टाकला आणि तुला फोन करायचं विसरला. भाचा झाल्याचं तुला तुझ्या घरमालकिणीकडून कळलं. (तिला ग्रुपवर कुणी घेतलं होतं, ते विचारू नकोस.) चूक त्याचीच आहे. तू ग्रुप सोडलास, त्याचे फोन घेणं सोडलंस, आणि मी मध्ये पडलो तर मला म्हणालीस, “त्याले काई म्हणाचं असन तं त्यानं मले लिहून पाठवावं.” आता शांतपणे ऐक. त्यानं लिहून पाठवलं होतं. ते तुझ्यापर्यंत पोचलं नाही. का पोचलं नाही, तेच सांगायला बसलो आहे.

अश्विननं दवाखान्यातच बाळाच्या नावानं मेलचं खातं उघडलं. लोकांनी आशीर्वाद तिथे पाठवायचे आणि बाळानं मोठं झाल्यावर ते वाचायचे, अशी कल्पना. कल्पना चांगली होती, पण बाळाला नाव नसल्यामुळे खातं ‘अश्विनचंबाळ’ असं एका दमात लिहून उघडावं लागलं. घरात रिकामा माणूस मीच, म्हणून पासवर्ड माझ्याकडे आला. (इथूनच सगळं बिघडलं असं रागिणी म्हणते. मला ते मान्य नाही.) आशीर्वाद यायचे तर लोकांना पत्ता माहीत पाहिजे, म्हणून मी तो फेसबुकवर सगळ्या जगाला दिसेल असा लिहिला. लंगोट घेतले त्या दुकानात फ्रिजची सोडत होती, तिच्या कुपनावरही टाकला. मोफत शुगर तपासणीच्या शिबिरात नाव, वय, मेल विचारलं, तिथे माझं वय आणि बाळाचा मेल दिला.

रागिणी म्हणते की इंटरनेटवर काही यंत्रं रात्रंदिवस नुसती हिंडत असतात आणि कुठेही तो गोल वेटोळ्यातला ‘ॲट’ दिसला की पत्ता उचलून नेतात. कुपनं भरून घेणारेही पत्त्यांचे गठ्ठे करून विकतात. एका गठ्ठ्यात गेलेला पत्ता मग दहा जणांकडे जातो. स्टँडवर आमच्याकडेही खिसेकापू होते, पण ते निदान तोंडओळखीचे होते.

आठवड्याभरात बाळाला पर्सनल लोन मंजूर झालं. पाठोपाठ केस गळण्यावर औषध, घरबसल्या नोकरी, गुडघ्यांचं तेल (हे मी जरा लक्ष देऊन वाचलं), आणि परदेशातल्या एका विधवा बाईंचं पत्र, की त्यांना आपली सारी इस्टेट बाळाच्या नावे करायची आहे. सगळ्यांची सुरुवात ‘आदरणीय अश्विनचंबाळ साहेब’. आता आपल्या घरात आलेल्या पत्राला उत्तर न देण्याची रीत नाही, हे तुला माहीतच आहे. मी प्रत्येकाला उत्तर दिलं. केसवाल्यांना कळवलं, की सदर इसमास केस अद्याप यावयाचे असल्याने गळण्याचा प्रश्न उद्भवत नाही. कर्जवाल्यांना लिहिलं, की साहेब सध्या दूध पिऊन झोपले आहेत. विधवा बाईंना सांत्वनाचं पत्र पाठवलं, त्यात तुझ्या आईनंही दोन ओळी घातल्या. दुसऱ्या दिवशी मेल तिप्पट झाले. रागिणीनं कपाळावर हात मारला. ती म्हणे, बाबा, उत्तर दिलं की त्यांना कळतं या घरात माणूस राहतो, मग ते दार सोडत नाहीत. हे तिनं आधी सांगायला पाहिजे होतं.

मग नाव ठेवायचं ठरलं, आणि निमंत्रणाचं काम माझ्याकडे आलं. आपल्याकडे कार्याला एक माणूस राहून गेला तर तो पुढची तीन लग्नं तोंड दाखवत नाही. त्यामुळे मी कुणालाच सोडायचं नाही असं ठरवलं. चांदूर बाजारच्या पाहुण्यांचे पत्ते एका जुन्या, दहा जणांनी पुढे ढकललेल्या मेलमध्ये वरच्या बाजूला सगळेच्या सगळे लटकलेले होते, ते घेतले. तुझ्या बियाण्यांच्या कंपनीच्या सायटीवर मॅनेजरपासून गोदामापर्यंत सगळ्यांचे पत्ते उघड्यावर होते. पोरीच्या ऑफिसच्या लोकांना बोलावलं तर पोरीचा मान वाढतो, म्हणून तेही घेतले. एकच मजकूर, बाळाच्या खात्यातून, सगळ्यांना एका दणक्यात पाठवला. उत्तरं येईनात, म्हणून पुन्हा पाठवला, आणि पुन्हा पाठवला. बसची घोषणासुद्धा आम्ही एकदा करून थांबत नव्हतो. रागिणी म्हणाली, ती यंत्रं जे करतात तेच तुम्ही केलं. त्यावर मी तिच्याशी अर्धा दिवस बोललो नाही.

तिनं मला नंतर समजावलं ते असं. प्रत्येक कंपनीच्या मेलच्या दारावर राखणदार असतो. तो बघतो, की हे खातं कालचं पोर, कुणाशी ओळखपाळख नाही, कधी कुणाशी साधं दोन ओळींचं बोलणं नाही, आणि एकदम शेकडो लोकांना एकच मजकूर पाठवून राहिलं. त्याला संशय येतो. आधी तो म्हणतो, थोड्या वेळानं ये. मग पत्र आत घेतो, पण कचऱ्याच्या डब्यात टाकतो. मग आतल्या लोकांच्या तक्रारी जातात, आणि कंपनीत जो कोणी मेलचं काम सांभाळत असेल तो स्वतःच्या हातानं त्या पत्त्याचं दार कायमचं लावून घेतो. तुमच्याकडे ते काम कोण सांभाळतं, ते मी तुला सांगायला नको. दीक्षा, तू आपल्या सख्ख्या भाच्याला काळ्या यादीत टाकलं आहेस. मी रागावलो नाही. नियम म्हणजे नियम, आणि माझी पोरगी नियमानं काम करते याचा मला अभिमानच आहे.

पण अश्विनचं पत्र त्याच खात्यातून तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर गेलं. त्यानं ते बाळाच्या बोलण्यात लिहिलं होतं. ‘आत्या, माझ्या बापाले अक्कल नाही, पण त्याले तुझ्याशिवाय करमत नाही. तू ये अन् मले नाव दे.’ त्यानं ते कुणाला दाखवलं नाही. मला माहीत आहे, कारण पासवर्ड माझ्याकडे होता. क्षणात उत्तर आलं, इंग्रजीत, की हे पत्र स्वीकारता येत नाही, पाठवणाऱ्याला मनाई आहे. खाली सही मेलर डेमन. मी समजलो, तुझ्या ऑफिसातले कोणी नवे साहेब असतील, आणि तू त्यांच्या हातून नकार कळवलास. मी घरात तसं सांगून टाकलं. तुझी आई त्या दिवशी जेवली नाही. अश्विन गच्चीवर गेला, बऱ्याच वेळानं खाली आला, आणि डोळ्यात धूळ गेली म्हणाला. मी त्याच्याकडे पाहिलं नाही.

मी डेमन साहेबांना लिहिलं, की बहीणभावाचा मामला आहे, आपण वडीलकीच्या नात्यानं मध्यस्थी करावी. उत्तर ताबडतोब. मी त्यांच्या तत्परतेचं कौतुक केलं, त्यालाही ताबडतोब उत्तर. सगळ्या नोकरीत मी असा अधिकारी पाहिला नाही. फक्त माणूस आपल्या मुद्द्याला चिकटून होता. आमचा हा पत्रव्यवहार रागिणीच्या नजरेस पडला तेव्हा ती इतकी हसली की बाळ जागं झालं. डेमन म्हणून कोणी नाही. ते यंत्र आहे. म्हणजे तू नाही म्हटलंच नव्हतं, आणि आमच्या घरात उगाच सुतक पाळलं गेलं. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण अश्विनचं नाव काढलं की तुझ्याकडची रेंज जाते.

तर कुणीही कुणाला नाही म्हटलेलं नाही. तू ये. जे नाव तू ठेवशील ते आम्हाला पसंत आहे, आईलासुद्धा (तिला मी विचारलेलं नाही).

तुझी वाट पाहणारे,
तुझे बाबा
श्रावण

ता. क. रागिणीनं ते खातं बंद केलं आणि माझा पासवर्ड काढून घेतला. विधवा बाईंना पुढे काय झालं ते कळण्याचा मार्ग राहिला नाही, याचं तुझ्या आईला वाईट वाटतं.

ता. क. दुसरा. पिशवीत आईनं ज्वारीचे पापड दिले आहेत. जपून काढ, फुटतात.

ता. क. तिसरा. पिशवी पोस्टानं येत नसते, हे तुझ्या आतापर्यंत लक्षात आलं असेल. चिठ्ठी आणि पिशवी साखळी लावलेल्या दाराच्या फटीतून आत देणारा हात अश्विनचा होता. तू वाचून होईपर्यंत बाहेर उभं राहायचं, पुन्हा बेल वाजवायची नाही, असं मी त्याला बजावून पाठवलं आहे. मी हे पत्र एका पानात आटपू शकलो असतो. पण तुला फोन करायचं विसरला ना तो, म्हणून म्हटलं, राहू दे जरा उन्हात उभा. आता बस झालं माय. दार उघड अन् घरात घे त्याले.