जुन्याच मदरबोर्डवर

३ एप्रिल, सोमवार

नोकरी मिळाली! मुलाखत चहा थंड व्हायच्या आत आटोपली. साहेबांनी माझं सासरचं आडनाव वाचलं, कॉम्प्युटरचं मशीन जुळवता येतं का ते विचारलं आणि लगेच कामाला बसवलं. ऑफिस छोटं पण नीटनेटकं आहे. बांधायच्या इमारती पुढे कशा दिसतील, त्याची चित्रं इथं कॉम्प्युटरवर तयार करतात. मला खिडकीजवळचं टेबल मिळालं. शेजारी नकाशे काढणारी चष्मेवाली बसते. ऑफिसात माणसं तीनच, त्यातली एक मी, तरी सगळ्यांची माहिती सांगायला तिला अख्खी दुपार पुरली नाही.

मागं बिनखिडकीची खोली आहे, तिथं चित्रं बनवणारं मोठं मशीन असतं. खोलीचं दार फुगलंय, चौकटीत नीट बसत नाही, आपोआप उघडतं, म्हणून त्याला बाहेरून कडी बसवली आहे. आतून काहीच नाही. एसीचं बटणही बाहेरच.

मी खुशीत आहे. कुणाच्या बहिणीला कामावर घेतलं, ते साहेबांना ठाऊक नाही.

४ एप्रिल

लिहून टाकते, म्हणजे डोकं थंड राहील. ते मशीन माझ्या दादानं जुळवलेलं. गेल्या वर्षी त्याच खोलीत तो गेला. त्याला दमा होता आणि तेव्हा तिथला एसी बंद पडलेला. दुपारी त्यानं वहिनीला फोन करून हसत हसत सांगितलं, साहेबांनी कोंडून घातलंय, चित्र झालं की उघडतो म्हणालेत. मग साहेब जेवायला गेले. त्यानंतर दादाचा फोन लागलाच नाही.

पोलिसांना साहेबांनी सांगितलं की दार नुसतं लोटलेलं होतं, बिचाऱ्याचं हृदयच कमजोर. वहिनीला बाकी काही नको. कडी मी लावली, एवढं त्या माणसानं स्वतःच्या तोंडानं म्हणावं, बस. वहिनी साधी आहे. मी नाही. मी डूख धरून आले आहे.

६ एप्रिल

संधी आपल्या पायानं चालत आली. महिनाअखेरीला एका मोठ्या बिल्डरपुढे सादरीकरण आहे. ते काम हातचं गेलं तर ऑफिसला टाळं लागेल, असं चष्मेवाली म्हणते. मशीन मात्र गोगलगाय झालंय. साहेबांनी मला नवा प्रोसेसर, नवी रॅम आणि नवं ग्राफिक्स कार्ड आणायला सांगितलं. मदरबोर्ड जुनाच ठेवायचा. मदरबोर्डनं वेग वाढत नाही, असं ते कुठूनसं वाचून आलेत.

हे अर्धंच खरं. दादा म्हणायचा, मदरबोर्ड स्वतः धावत नाही, धावणाऱ्याला वाट देतो. या जुन्या बोर्डाचा वीज पुरवणारा भाग अशक्त आहे. नवा प्रोसेसर त्यावर बसेल, चालूही होईल. पण खरं काम पडलं की बोर्ड तापेल आणि प्रोसेसर जीव वाचवायला पाय ओढू लागेल. तोही ऐन सादरीकरणात. मी मान खाली घालून हो साहेब म्हटलं. सापही मरेल आणि काठीही मोडणार नाही.

१० एप्रिल

आज मशीन उघडलं. बोर्डाच्या प्रत्येक स्क्रूवर लाल ठिपका होता. माझंच नेलपॉलिश! घट्ट आवळलेल्या स्क्रूवर खूण करायला दादा ते चोरायचा आणि मी घर डोक्यावर घ्यायची. आधी रडू आलं, मग राग आला. रागातच सगळं बसवलं. झाकण लावण्याआधी बोर्डावर हात ठेवून हळूच म्हटलं, दादा, दार लावणाऱ्याला सोडू नकोस.

१२ एप्रिल

मशीन मंदावलं नाही. ज्या चित्राला संध्याकाळ व्हायची, ते सकाळच्या चहाआधी तयार. हे शक्यच नाही. वाटलं, मोजण्यात चूक झाली असेल, म्हणून बोर्डाला बोट लावून पाहिलं. गार. खोलीचं दार मात्र हाताला गरम लागतं.

साहेब हवेत आहेत. मदरबोर्ड बदलायचा नाही हे आपणच सांगितलं होतं, असं दिवसभर ऐकवत होते. मी दात-ओठ खात हसले.

१५ एप्रिल

नव्या इमारतीच्या प्रवेशदालनाच्या चित्रात एक दार आलंय. नकाशात ते नाही. तपकिरी, फुगलेलं, बाहेरून कडी लावलेलं. साहेबांनी चष्मेवालीला फैलावर घेतलं. तिनं शपथेवर सांगितलं की हे तिनं काढलेलं नाही. दार पुसून चित्र पुन्हा मशीनला दिलं. दार पुन्हा आलं.

१८ एप्रिल

आता ते सगळ्याच चित्रांत आहे. आणि उघडं आहे. आत कुणीतरी गुडघे पोटाशी घेऊन, पाठमोरं बसलंय. शर्ट निळ्या चौकड्यांचा आहे. तो शर्ट मीच दादाला घेतला होता.

मला भीती वाटायला हवी होती. पण मी टेबलाखाली हात जोडले. आलास रे दादा.

२० एप्रिल

साहेबांनी चित्र पाहिलं. तोंडचं पाणी पळालं त्यांच्या. शर्ट ओळखला, नक्कीच ओळखला! चष्मेवाली आजारी असल्याचं कळवून घरीच बसली. साहेब म्हणाले, त्यानं बसवलेला तो जुना बोर्ड आत्ताच्या आत्ता काढा. मी म्हटलं, सादरीकरणापर्यंत हात लावता येणार नाही. खोटं बोलले. मजा आली.

२२ एप्रिल

शर्ट तोच, पण आतला माणूस जाड झालाय. मानेवर टक्कल दिसतं. दादाला भरपूर केस होते.

चित्रातल्या खोलीत साहेब बसलेत.

२३ एप्रिल, रविवार, सकाळ

साहेबांचा फोन आला, बोर्ड ते स्वतः काढणार आहेत, मी फक्त मदतीला यायचं. आले. ऑफिसात आम्ही दोघंच. ते फोन बाहेर टेबलावर ठेवून, स्क्रूड्रायव्हर घेऊन आत गेले आणि

मी कडी लावली. मग एसीचं बटण बंद केलं. त्यांनी दार ठोठावून विचारलं, हे काय चाललंय. मी दाराला तोंड लावून सांगितलं, चित्र झालं की उघडते.

दुपार

कोण आहे मी, ते सांगितलं त्यांना. आधी धमक्या. मग विनवण्या. आता खोकला. दादाही असाच खोकला असेल. खोकू दे.

मशीन आपणच चालू झालंय. माझ्या टेबलावरच्या पडद्यावर नवं चित्र उमटतंय, वरून खाली —

थोड्या वेळानं

साहेब बोलले. कडी मीच लावली होती, म्हणाले. विसरलो नव्हतो, काम होईपर्यंत मुद्दामच उघडली नाही, म्हणाले. रडत होते. वहिनीला हवं होतं ते हेच. झालं. एवढंच तर हवं होतं.

मग मी का उठत नाहीये?

चित्र अर्धं झालंय. खोलीत आता दोघं. साहेब कोपऱ्यात आडवे. दुसरं कुणीतरी दाराशी बसून वहीत लिहितंय. नखं लाल —

उघडते. पुरे झालं. वहिनीला तोंड दाखवायचंय मला. उघडते.

दार गरम आहे. चाचपून पाहिलं. वरपासून खालपर्यंत.

कडी या बाजूला नाही.

मागं खिडकी होती. माझं टेबल होतं. आता भिंत आहे. पंखे घोंगावताहेत. साहेब पायाशी पडलेत, हलत नाहीत. श्वास पुरत नाही — मी ठोठावलं — खूप ठोठावलं —

बाहेर कुणीतरी आहे. मी ओरडून सांगितलं, दादा, मी आहे, मी —

दादाचा आवाज नव्हता. माझाच होता. दाराला तोंड लावून बाहेरची मी अगदी शांतपणे म्हणाली, चित्र झालं की उघ