पाच संध्याकाळींचा कागद

प्रिय भिंगरे,

तुझ्या त्या डोंगरावरच्या हवामान केंद्रात पंधरवड्यातून एकदाच टपाल चढतं, तेव्हा हे पत्र तुझ्या हाती पडेल तोवर शिळं झालेलं असेल. शिळं खायची तुला सवय आहे, शिळं वाचायचीही होईल. नेहमीप्रमाणे बोलतेय मी, तुझी आजी, आणि लिहितेय तुझी आई. आज तिनं चष्म्याच्या दुकानातून रजा घेतली आहे. रजा घेऊनही बाई स्वयंपाकघरातल्या टेबलाशी अशी ताठ बसली आहे, जणू समोर गिऱ्हाइकाची काच आहे आणि चरा पडला तर मालक ओरडेल. मी म्हटलं, जरा पाठ टेक. तर म्हणते, तुम्ही सांगा, मी लिहिते. हेही लिही म्हटलं, तर लिहिलं.

बाबा दवाखान्यात, आता बरे. चार शब्दांचा तो निरोप तुला केंद्राच्या बिनतारी यंत्रावरून मिळालाच असेल. निरोपात चारच शब्द मावतात. बाकीचं मी सांगते, पण माझ्या पद्धतीनं, म्हणजे जेवणापासून.

बाबांची मूत्रपिंडं कुरकुर करतात हे तू जायच्या आधीपासूनचं. तू गेल्यावर डॉक्टरांनी पथ्य आणखी आवळलं. मीठ नावापुरतं. केळं नको, टोमॅटो नको, त्यांत पोटॅशियम असतं म्हणे. बटाटा खायचाच असेल तर सोलून, चिरून, भरपूर पाण्यात उकडायचा, ते पाणी ओतून द्यायचं आणि जे उरेल त्याला बटाटा म्हणायचं. तेव्हापासून तुझी आई दर रविवारी दुपारी कागद घेऊन बसते आणि सोमवार ते शुक्रवार अशा पाच संध्याकाळी कापड बेतावं तशा बेतते. कधी काय शिजेल, त्यात काय पडेल, किती पडेल. ती साडेसातला थकून येणार, तोवर चिरणं, उकडणं, पाणी ओतणं माझ्याकडे. मला अक्षर येत नाही म्हणून ती माझ्यासाठी चित्रं काढते आणि कागद फ्रीजवर चिकटवते. तुझी आई काचा फार सुरेख घासते, तिच्या हाताबद्दल मी एवढंच म्हणेन. पहिल्याच आठवड्यात मंगळवारचा फ्लॉवर मला ढग वाटला. दुपारभर मी फ्रीजसमोर खुर्ची टाकून विचार करत होते, ढगाचं करायचं काय. शेवटी कोबी शिजवला. तिनं दारातून येताच झाकण उचललं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, कोबीही चालतो. त्या दिवसापासून आमचं जमलं. कागद तिचा, ऐनवेळची धांदल माझी. बाजारात मासा नसेल तर अंडं, गॅस संपला तर पाव आणि काकडी. सासूसुनांनी एका घरात आणखी काय करायचं असतं.

पण खाणारा खाईना. दिवसभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करून आलेला माणूस, पूर्वी दोनदा भात मागून घ्यायचा. आता नुसता चमचा फिरवायचा. तक्रार नाही. छान झालंय म्हणायचा आणि अर्धं ताट तसंच. पट्ट्याला खिळ्यानं दोन नवी भोकं पाडलीन. तुझी आई काय काय करून पाहायची. लसूण भाजून घाल, लिंबू पिळ, मिरपूड टाक, अंड्याचा पांढरा भाग फेसून सिमला मिरचीत भर. रात्री ताट उचलताना उरलेलं बघायची आणि डब्यात काढून ठेवायची. ते उद्या तिच्या दुपारच्या जेवणाला.

मग एके दिवशी तिला यायला सव्वाआठ झाले. कागदावर मासा होता, घरात नव्हता. तिनं पाव, अंडं आणि उरलेली कोथिंबीर यांचं वीस मिनिटांत काहीतरी केलं, आणि बाबांनी ताट पुसून खाल्लं. आज चव आली, म्हणाले. दुसऱ्या दिवशीही आली, तिसऱ्याही. बारा दिवस तो माणूस जेवला गं. तुझी आई या वयात लाजली. रविवारी कागद करताना गुणगुणत होती, आणि तिचा गळा तिच्या चित्रांच्याच जातीचा आहे. मी मान खाली घालून जेवत होते.

बाराव्या संध्याकाळी, मंगळवारी, बाबा जेवून उठायला गेले आणि उठता येईना. पायांत जोरच नाही. हसून म्हणाले, लिफ्ट मधेच अडकली. तुझी आई हसली नाही. तिनं त्यांची नाडी धरली आणि दुसऱ्या हातानं फोन उचलला. दवाखान्यात छातीला तारा लावल्या, रक्त काढलं, आणि डॉक्टर म्हणाले, रक्तात पोटॅशियम इतकं चढलंय की अजून थोडा वेळ गेला असता तर हृदय थांबलं असतं. काय खाल्लं, विचारलं. तुझ्या आईनं निघताना फ्रीजवरून कागद ओढून आणला होता. तिनं एकेक संध्याकाळ वाचून दाखवली. डॉक्टरांनी चित्रंही पाहिली आणि हसले नाहीत. त्यात दोष देण्यासारखं काहीच नव्हतं.

तेवढ्यात तुझी आत्या आली. माझीच लेक, पण तिचं तोंड तुला ठाऊक आहे. दवाखान्याच्या बाकावर बसल्या बसल्या म्हणाली, वहिनी, काचा घासायच्या नादात माझ्या भावाला घालवशील. तुझी आई उलटून बोलली असती तर मला बरं वाटलं असतं. ती म्हणाली, बटाट्याचं पाणी माझ्याकडून नीट ओतलं गेलं नसेल. पाणी ओतणं माझं काम होतं, भिंगरे. तिनं तेसुद्धा स्वतःच्या अंगावर घेतलं, आणि मी बाबांच्या चपला हातात धरून शेजारी उभी होते.

आज गुरुवार, नऊ दिवस झाले. या रविवारी कागद झाला नाही. दवाखान्यातून सुटल्यावर बाबांनी आत्याकडे राहायचं ठरलंय आणि तुझ्या आईनं मान डोलावलीय, म्हणते तिथं त्यांच्या जिवाला धोका नाही. आणि सोमवारी बाबांच्या हाताच्या शिरेची शस्त्रक्रिया आहे. खाण्यात काही चुकलं नसेल तर मूत्रपिंडांनीच हात टेकले असं धरायचं, म्हणजे त्या शिरेतून आठवड्यातून तीनदा रक्त शुद्ध करणाऱ्या यंत्रावर, कायमचं. खाण्यातलं कारण सापडलं तर थांबून बघता येईल, असं डॉक्टर दोनदा म्हणाले. दोन्ही वेळा मी तिथं होते.

आता इथून पुढचं नीट लिही गं पोरी, अक्षर वाकडं आलं तरी चालेल.

बाबा चमचा फिरवायला लागले तेव्हा मी कोपऱ्यावरच्या दुकानात गेले होते. म्हटलं, ज्याला मीठ बंद आहे त्याला चालेल असं मीठ असतं का. दुकानदार म्हणाला, असतं की, रक्तदाबवाले सगळे हेच नेतात. निळं पाकीट होतं आणि वर लाल हृदय काढलेलं. चित्रं वाचायला तर मला तुझ्या आईनंच शिकवलं होतं. हृदय म्हणजे जिवाला चांगलं, असं मी वाचलं. मागे बारीक अक्षरांत काही होतं, ते वाचून दाखव असं त्याला म्हणायची लाज वाटली. घरी आणून एका डबीत भरलं, डबी पिठाच्या डब्यामागे. तुझी आई हात धुवायला वळली की बाबांच्या ताटात चिमूटभर, मग दोन चिमटी. चव तिच्या लसणाची नव्हती, माझ्या डबीची होती. तिला सांगितलं नाही, कारण ती खूश होती, आणि खरं सांगायचं तर मला आतून गंमतही वाटत होती.

थांबू नकोस, लिही.

पहिल्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, कागदाबाहेरचं काही पोटात गेलं का. तुझ्या आईनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, नाही म्हणून. तेव्हा मला कळलेलं नव्हतं की त्या मिठानंच हे झालं, पण कागदाबाहेरचं होतं एवढं तर कळत होतं. तिसऱ्या दिवशी पथ्य सांगणारी बाई आली आणि म्हणाली, ते कमी सोडियमचं मीठ यांच्यासाठी सगळ्यात वाईट, त्यात पोटॅशियमच घातलेलं असतं. तुझी आई ठामपणे म्हणाली, आमच्या घरात ते नाही. मी घरी आले, डबी मोरीत ओतली, घासून पालथी घातली आणि पाकीट रस्त्यावरच्या कचरापेटीत टाकून आले. बाबांना मारायला निघाले होते ते न कळून. पण तुझ्या आईला नऊ दिवस जळू दिलं, त्यातले सहा पुरते कळून.

हे पत्र तुला मिळेल तेव्हा सोमवार मागे पडलेला असेल. म्हणजे हे तुझ्यासाठी नाही हे तू ओळखलं असशील, आणि लिहिणारीनंही. सहा दिवस मी तिच्या तोंडावर सांगायला बघतेय. तोंड उघडते आणि विचारते, दूध तापवलंस का. समोरासमोर ती पहिल्याच वाक्याला उठून गेली असती, किंवा त्याहून वाईट म्हणजे असू दे म्हणाली असती. पत्रात मात्र ती मला अडवत नाही, शेवटच्या शब्दापर्यंत लिहिते. म्हणून आज तिला इथं बसवलं. पोरी, पाणी मी ओतलं होतं आणि नीट ओतलं होतं. तुझ्या कागदात एकही चूक नव्हती. आत्याला मी सांगेन, माझ्या तोंडानं, तिच्या घरी जाऊन. तू आता पेन खाली ठेव आणि डॉक्टरांना फोन लाव. निळं पाकीट म्हणून सांग, बारा दिवस म्हणून सांग. मला काय म्हणायचं ते नंतर म्हण, कितीही वेळ म्हण. आधी फोन.

तुझीच, आणि ऐकून घेईल तर हिचीही,
आजी

ता. क. हे मी लिहितेय, तुझी आई, बाहेरच्या खोलीत बसून. फोन झाला. सोमवारची शस्त्रक्रिया तूर्त थांबवली आहे. रक्त पुन्हा तपासतील, मग बघू म्हणाले. उद्या नऊ वाजता आजींना घेऊन बोलावलंय. त्यांच्याशी मी अजून बोललेले नाही. मी फोनवर असतानाच त्या ओट्यापाशी गेल्या, आत काहीतरी चिरायला घेतलंय, काय ते मला माहीत नाही. बोलणं आज व्हायचं नाही. पण आत जातेय, शेजारी उभी राहून बघायला.