राणीच्या कपाळावरचं कुंकू

आप्पा,

जमलं एकदाचं. चार दिवस नुसती डोकेफोड चालली होती. तुमची नाणी पुठ्ठ्याच्या चौकोनी पाकिटांत, मधे प्लॅस्टिकची गोल खिडकी, कडेने तुम्ही मारलेल्या पिना. फोटो काढावा तर नाण्याऐवजी ट्यूबलाइट उमटायची, नाहीतर माझंच थोबाड. प्रदर्शनवाले म्हणाले, "ताई, सरळ बाहेर काढा ना." म्हटलं, आमच्या आप्पांची नाणी बाहेर निघत नाहीत. शेवटी काळ्या कार्डशीटला भोक पाडून त्यातून कॅमेरा रोखला, पाकीट गॅलरीत सावलीला ठेवलं, आणि काय सांगू, एकेक अक्षर उठून दिसायला लागलं. मी एकटीच टाळ्या पिटत होते. उद्या सीडी द्यायची आहे. नाशकातलं प्रदर्शन, आणि संग्रहावर तुमचं नाव.

मग तुम्ही मनमाडच्या भंगारवाल्याकडून आणलेला राणीछाप रुपया आला. कॉम्प्युटरवर मोठा केला तर राणीच्या कपाळापासून गालापर्यंत लाल, आणि त्यात बोटाच्या रेघा. ती दिवाळी आठवली. तुम्ही प्रेसमधून पहिली पाळी करून आलेले. लक्ष्मीपूजनाच्या ताटात हा रुपया पाकिटाबाहेर, राणीला ठसठशीत कुंकू. "कुणी हात लावला याला?" तुम्ही विचारता. आई पुढे होते. "मीच. पूजेला काय प्लॅस्टिकमध्ये ठेवायचा?" "बारा वर्षं बघतेयस, एवढी अक्कल नाही?" चरे पडतील म्हणून तुम्ही तो पुसलाही नाहीत, तसाच परत पाकिटात घातलात. दुसऱ्या दिवशी पाडव्याला आईने ओवाळलं, तर तुम्ही तिच्याकडे मान वर करून पाहिलं नाहीत. मी दाराशी उभी होते.

प्रदर्शनवाल्यांना डाग चालत नाही. हा फोटो द्यावा की गाळावा, कळेना. हा तर तुमचा सगळ्यात लाडका रुपया. आईला हाक मारली. ती चष्मा लावून पडद्याला नाक टेकवेपर्यंत वाकली आणि हसायलाच लागली. "बोट बघ केवढंसं. माझं असतं होय एवढं?"

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"तेव्हाच. तुझा हात लाल होता की गं. आप्पा तुला बोलले असते, ते मला सोसलं नसतं."

फोटो मी सीडीवर पहिलाच घेतला, डागासकट. खाली माहितीत लिहिलं, कुंकू मुलीने लावलेलं. काय म्हणायचं ते म्हणू देत. आप्पा, लक्ष्मीबरोबर राणीचीही पूजा व्हावी असं वाटलं होतं मला, बाकी काही नाही. तुम्ही होतात तोवर एवढंसं सांगायला कितीतरी संध्याकाळी मिळाल्या. आज सांगतेय तेसुद्धा, आता ओरडा बसणार नाही हे बघूनच.