मनातली विनवणी

लॉरेल फोर्क, केंटकी
३ मार्च

ती. ओपलमावशीस,
डेल्फाचा सा. न. वि. वि.

आईचं सगळं आटोपून तू ओहायोला परत गेलीस आणि घर फार शांत झालं. लोकांनी जेवण आणलेली भांडी मी धुऊन परत करते आहे. प्रत्येकाच्या बुडाला नावाची पट्टी आहे, त्यामुळे चूक होत नाही. शेजारच्या मॉडीचं भांडं द्यायला गेले, तर तिने ते पुन्हा शेंगांनी भरूनच हातात ठेवलं. म्हणजे हे काम काही लवकर संपत नाही.

एक गोष्ट फोनवर बोलता आली नाही, कारण फोन सासूबाईंच्या स्वयंपाकघरात आहे. आई गेल्याची बातमी पेपरात त्यांनीच दिली. ‘दीर्घ आजाराने’ असं लिहिलं. मी म्हटलं, आजाराचं नाव लिहा. त्या म्हणाल्या, अगं, पेपर पुरुषमाणसं वाचतात.

आई दोन हिवाळे चर्चमध्ये मनातल्या विनवणीसाठी हात वर करत होती. रीत तुला माहीत आहे. कुणासाठी प्रार्थना करायची, असं ब्रदर टॅकेट विचारतात. ज्याला बोलायचं नसेल तो नुसता हात वर करतो, आणि कशासाठी ते कुणी विचारत नाही. तिलाही कुणी विचारलं नाही. सगळ्यांनी तिच्यासाठी मनापासून प्रार्थना केली, आणि तिला रक्त जातंय हे एकालाही कळलं नाही. मला तिने सांगितलं ते लेक्सिंग्टनला न्यायच्या आदल्या आठवड्यात. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गर्भाशयाच्या मुखाची साधी तपासणी वेळच्या वेळी झाली असती, तर कर्करोग व्हायच्या आधीच हे सापडलं असतं.

का गेली नाहीस, असं मी आईला विचारलं. ती म्हणाली, दवाखाना बियाण्यांच्या दुकानासमोर. बाकावरच्या म्हाताऱ्यांना खोऱ्यातला प्रत्येक ट्रक ओळखू येतो. आत नाव लिहून घ्यायला तुझ्या बाबांची चुलत बहीण. विधवा बाई असल्या तपासणीला कशाला गेली होती, ही चर्चा संध्याकाळपर्यंत घरोघरी झाली असती.

रूबी झाल्यापासून आठ वर्षं मीही गेलेले नाही. तपासणीची आठवण करून देणारं दवाखान्याचं कार्ड येतं. सासूबाई म्हणतात, ते तसल्या बायकांसाठी असतं, एका नवऱ्याच्या बाईचं तिथे काय काम?

तुझा जीव आहेच माझ्यावर, तो असाच राहू दे.
तुझी डेल्फा


हॅमिल्टन, ओहायो
११ मार्च

चि. डेल्फास अ. उ. आशीर्वाद.

तुझं पत्र वाचता वाचता माझ्या हातून बशी फुटली. मुद्दाम फोडली नाही, पण वाईटही वाटलं नाही. तुझ्या सासूला सांग, मीही एकाच नवऱ्याची, आणि तोही निम्मा वेळ झोपलेला, तरी मी नेमाने तपासून घेते. आमची डॉक्टर म्हणते, या आजाराच्या विषाणूची लागण व्हायला एक नवरा पुरतो. आणि तो तुमच्या आधी कुठे कुठे हिंडून आलाय, त्याचा जाब कुणी विचारलाय?

घाबरण्यासारखं त्यात काही नाही. नर्सने मला विचारलं, तुमच्या टोमॅटोंना यंदा कीड लागली का? मी सांगायला लागले, आणि माझं सांगून व्हायच्या आत त्यांचं काम झालेलं होतं.

तू असं कर, ईस्टरच्या आधी इकडे ये. मावशीचा खुबा दुखतो, मदतीला जाते, असं सांग. खुबा खरंच दुखतो, तेव्हा खोटं बोलल्याचं पाप नाही. इथे तुला कुत्रं ओळखत नाही. तपासून घेऊ, बरणीतले पीच खाऊ, परत जा. माझी बहीण गेली. तिची पोरगी मी घालवणार नाही.

आईच्या वाटणीची मायाही आता माझ्याकडूनच घे.
तुझी ओपलमावशी


लॉरेल फोर्क
२ एप्रिल

ती. मावशीस सा. न. वि. वि.

तुझा बेत वेंडलला आवडला. मग त्याने तो त्याच्या आईला सांगितला, आणि त्यांनाही आवडला. तिथेच मला शंका आली. सासूबाई म्हणाल्या, जे काय करायचं ते तिकडे लांब करून ये, इथे कुणाला कळायला नको. मी त्या दिवशी भांडी घासत विचार करत होते. ओहायोला लपून जाणं म्हणजे पुन्हा नुसता हात वर करणंच झालं.

शिवाय मला ओहायोत मावशी आहे. मॉडीला कुठे आहे? तिला गाडी येत नाही. नवऱ्याला कुठे ने म्हणून सांगणार?

म्हणून मी येत नाही. मे महिन्यात कबरींना फुलं वाहायच्या रविवारी मी चर्चमध्ये उभी राहणार आहे. आईची विनवणी काय होती, ते नाव घेऊन सांगणार आहे. मी स्वतः कुठल्या दिवशी दवाखान्यात जाणार, तेही सांगणार आहे. तुला हसू येईल. मी सांभाळते त्या शाळेच्या वाचनालयात मुलं दंगा करतात, तेव्हासुद्धा माझा आवाज चढत नाही. सध्या ट्रकमध्ये काचा लावून सराव करते. गर्भाशय म्हणेपर्यंत ठीक असतं, पुढे आवाज बसतो.

वेंडल कालपासून माझ्याशी बोलत नाही. म्हणजे मीठ मागतो तेवढंच.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी डेल्फा


हॅमिल्टन
९ एप्रिल

चि. डेल्फास आशीर्वाद.

तपासणी कर. तिथेच कर. हवं तर बँड लावून जा. पण चर्चमध्ये नको गं. त्या रविवारी, कबरींवर फुलं ताजी असताना, सगळ्या पुरुषांसमोर माझ्या बहिणीच्या शरीराचं नाव घेणार? लहानपणी नदीवर व्हर्ना माझ्यादेखतसुद्धा कपडे बदलायची नाही. एवढं सगळं गेलं तिचं, तिची लाज तरी तिच्यापाशी राहू दे.

चाळीस वर्षं ओहायोत राहून मी तोंडाळ झाले आहे, सगळे म्हणतात. पण हे माझ्याही तोंडून निघालं नसतं. ऐक माझं.

रागावलीस तरी पत्र टाकायचं थांबवू नकोस.
तुझी मावशी


लॉरेल फोर्क
२४ जून

ती. मावशीस सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राला उत्तर दिलं नाही, कारण ते मला अर्धं पटलं होतं. पुन्हा वाचलं असतं तर पूर्ण पटलं असतं, आणि मी चर्चमधल्या बाकावर बसून राहिले असते. पण मावशी, आईची लाज तिच्यापाशी राहिली नाही. ती माझ्याकडे आली होती, आणि माझ्याकडून रूबीकडे निघाली होती. त्या लाजेला मला वाटेत अडवायचं होतं.

त्या रविवारी ब्रदर टॅकेटनी विनवण्या विचारल्या. पाच-सहा हात वर गेले. मी हात वर केला नाही, उभी राहिले. म्हटलं, माझी आई व्हर्ना दोन हिवाळे इथे हात वर करत होती. तिला गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग होता. लोक काय म्हणतील म्हणून ती तपासणीला गेली नाही, आणि ते लोक म्हणजे आपणच. मी मंगळवारी दहा वाजता जाणार आहे. माझा निळा ट्रक दवाखान्याच्या दारातच उभा असेल, बघायला शोधाशोध नको. त्यात तिघींची जागा आहे.

आवाज बसला नाही. कसा ते मला माहीत नाही.

कुणीतरी सवयीने आमेन म्हणालं आणि मग खोकत बसलं. ब्रदर टॅकेटनी भजनाचा आकडा चुकीचा सांगितला, त्यामुळे निम्मे लोक एक म्हणत होते, निम्मे दुसरं. बाहेर जेवणं झाली तेव्हा माझ्या सफरचंदांच्या केकला कुणी हात लावला नाही. सासूबाईंनी आपलं ताट उचलून दुसऱ्या टेबलावर नेलं आणि मला ऐकू जाईल असं म्हणाल्या, मेलेल्या बाईला उघडं पाडलं हिने. मी म्हटलं, मेलेल्या बाईला मी झाकूनच पुरलं आहे, हे जिवंत बायकांसाठी होतं. एवढ्या वर्षांत त्यांना उलटून बोलले ती पहिलीच वेळ.

मॉडी निघताना जवळ आली. केकचा मोठा तुकडा कापून घेतला आणि म्हणाली, मंगळवारी मी रस्त्यावर येऊन थांबते, हॉर्न वाजवू नकोस. मग थोडं पुढे जाऊन परत आली आणि म्हणाली, जाऊ दे, वाजव.

मंगळवारी आम्ही दोघी गेलो. तिसरी जागा रिकामीच होती. बियाण्यांच्या दुकानापाशी म्हातारा होबर्ट बाकावरून ओरडला, काय गं डेल्फा, आजारी आहेस की काय? मी म्हटलं, नाही, म्हणूनच चालले आहे. मॉडी इतकी हसली की नाव सांगताना तिला नीट बोलता येईना. आत काय झालं ते तू लिहिलं होतंस तसंच. फक्त मला टोमॅटोंचं कुणी विचारलं नाही.

मॉडीचं सगळं चांगलं निघालं. माझ्यात काही पेशी बदललेल्या सापडल्या. घाबरू नकोस. कर्करोग नाही, त्याच्या आधीचं आहे. आईचं ज्या टप्प्यावर सापडायला हवं होतं, त्या टप्प्यावर माझं सापडलं. पुढच्या गुरुवारी लेक्सिंग्टनला तेवढा भाग काढून टाकतील आणि संध्याकाळी घरी सोडतील.

हे ऐकल्यावर वेंडल पायरीवर जाऊन बसला. मग येऊन म्हणाला, मीच नेणार. त्याला लाकडाच्या गिरणीत रजा मागायची होती. मी म्हटलं, कारण विचारतील, तेव्हा बायकोचं पोट दुखतं म्हणून सांगायचं नाही. तो टोपी घालून गेला. परत आला तो कानापर्यंत लाल होऊन. फोरमनने कारण विचारलं, आणि याने सगळं नावासकट सांगितलं, करवती चालू होत्या म्हणून मोठ्याने. फोरमन म्हणाला, वेंडल, इथे असलं बोलत नाहीत.

वेंडल म्हणाला, आता बोलतात.

रागावली असशील तर रागासकट माया कर.
तुझी डेल्फा